यंदाची रानतोड आटोपली. आता फुटवे राखायचे कसे?

डोंगरउतार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

शिमग्याचा होम लागायच्या आत रानातली तोड संपवायची, हा आमच्या घरचा जुना नेम. यंदाही तो पाळता आला. जाड लाकूड पडवीला थप्पी लावून झालं, कवळाचे (पाल्याच्या डहाळ्यांचे) भारे राबाच्या दाढीवर, म्हणजे रोपं करायला पाला जाळून भाजतात त्या जमिनीवर, पोचले आणि कोयते धार लावून ठेवले. हंगाम संपला की सगळे हुश्श करतात, पण माझ्या मते खरं काम आत्ता सुरू होतं आणि नेमकं त्याबद्दलच आपल्याकडे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा.

आधी रानाची ओळख करून देतो. गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. खाली भातखाचरं, मधे घर आणि आंबा-काजू, वर डोंगराकडेला मालकीचं रान. झाडं आपल्या कोकणातली नेहमीचीच. ऐन आणि किंजळ जास्त, त्याखालोखाल नाणा, कुंभा, जांभूळ, शिवण, थोडा साग. आजोबांनी या रानाचे आठ पट्टे पाडले होते. मधल्या गडग्यांवरून (दगडी बांधांवरून) अजूनही ते ओळखता येतात. दर वर्षी एकच पट्टा तोडायचा, बाकी सात वाढत राहायचे. तोडलेल्याची पाळी पुन्हा यायला आठ वर्षं जातात आणि तोवर फुटवे मनगटापेक्षा जाड, कुठे कुठे मांडीएवढे होतात.

तोडीचे दोन प्रकार आम्ही वेगळे ठेवतो. घराजवळच्या ऐनांची नुसती कवळ काढायची, म्हणजे खोड उभं ठेवून डहाळ्या उतरवायच्या. त्या राबाला जातात. वरच्या पट्ट्यात मात्र जमिनीलगत तोड. तिथे बुंध्याखालच्या सालीत झोपलेले डोळे जागे होतात आणि एकेका खुंटाला दहा-पंधरा धुमारे येतात. मूळ जुनंच, पोसलेलं, खोल गेलेलं. त्यामुळे बी रुजून आलेलं रोप चार वर्षांत जेवढं वाढत नाही, तेवढा हा फुटवा एका पावसाळ्यात वाढतो.

तोडीने रान मरतं असं शहरातली माणसं म्हणतात आणि तोडलं तरी येतंच की, असं गावातली. मला दोन्ही पटत नाही. रान मरतं ते तोडल्यानंतर त्याला उसंत न मिळाल्याने. पहिल्या दोन वर्षांत त्यात गुरं घुसली, वणवा शिरला किंवा पाळी यायच्या आत पुन्हा कुऱ्हाड पडली, की खुंट दर खेपेला मुळातला साठा खर्च करतो आणि शेवटी हात टेकतो. आमच्या शेजारचा एक डोंगर असाच गेला. आज तिथे दगड, गवत आणि घाणेरी आहे.

तर आता चर्चेसाठी: तुमच्याकडे तोडीनंतर काय करता? फुटवे किती ठेवता, विरळणी कधी करता, गुरं आवरता कशी? आणि तोडलेल्या शेंड्या-फांद्यांचं काय करता?

---

कातळसडा

दादा, छान विषय काढलात. आमच्याकडे राजापूर बाजूला पट्टे वगैरे काही उरलं नाही. ठेकेदार येतो, अख्ख्या रानाचे उक्ते पैसे देतो आणि ट्रक भरून नेतो. वडिलांच्या मागे आता मी बघतोय, पुढच्या वर्षीपासून थोडं थोडं तोडायचं मनात आहे. दोन शंका आहेत. खुंट जमिनीपासून किती वर ठेवायचा? आणि चेनसॉ चालतो की कुऱ्हाडच हवी?

---

डोंगरउतार

खुंट जितका खाली तितका बरा. अर्धी वीत, फार तर 15 सेंटीमीटर. कंबरेएवढ्या उंचीवर तोडलं की वाकायला लागत नाही म्हणून मजूर तसं तोडतात, पण मग फुटवे वरच्या कडेला येतात. तीन-चार वर्षांनी वजन आलं की वादळी वाऱ्यात ते सालीसकट फाटून खाली येतात. जमिनीलगत आलेला फुटवा मातीचा आधार घेतो आणि पुढे स्वतःची मुळंही धरतो.

काप तिरका हवा, म्हणजे पाणी खुंटावर साचत नाही. साचलं की खुंट मधून कुजायला लागतो.

चेनसॉ चालतो. जाड खोडाला तोच सोयीचा. फक्त झाड कलतं त्या क्षणी शेवटची साल खालपर्यंत सोलवटून जाऊ देऊ नका. आमच्याकडे आधी झाड पडायच्या बाजूला खालून एक खाच घेतात, मग मागून काप देतात. साल खुंटाला चारही बाजूंनी घट्ट चिकटलेली राहिली पाहिजे, कारण डोळे तिच्याखालीच असतात. तोडून झाल्यावर मी प्रत्येक खुंटापाशी बसून सालीच्या कडेवरून अंगठा फिरवतो. कुठे सुटलेली लागली तर तेवढी कोयत्याने साफ कापतो. ऐनाची साल जाड, खवल्याखवल्यांची असते, ती सुटलेली पटकन कळते. किंजळीची पातळ असते, तिथे नीट बघावं लागतं.

आणि दादा, अख्खं रान एकदम देऊ नका. निम्मं तरी राखा.

---

पंचगंगेकाठी

आम्ही ऊसवाले, रानातलं फारसं कळत नाही. पण वाचताना खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवर पुन्हा घेतलेलं पीक, डोळ्यापुढे आला. आम्हीही बुडखे जमिनीलगत छाटतो, नाहीतर वरचे डोळे फुटून खोडवा कमजोर होतो. एक विचारू का? खोडवा तीन-चार वेळा घेतला की उत्पन्न घटतं. रानाचे खुंट किती पाळ्या टिकतात?

---

डोंगरउतार

जात, जमीन आणि मिळालेली उसंत यावर आहे. आमच्याकडे ऐनाचे काही खुंट आजोबांच्या वेळेपासूनचे आहेत, त्यांचा घेर आता परातीपेक्षा मोठा आहे आणि मधून पोकळ झालेत, तरी कडेने फुटतात. सगळीच झाडं अशी नाहीत. सुरू तोडलं की जवळजवळ संपलंच. ऑस्ट्रेलियन बाभूळही खाली तोडली तर भरवशाची फुटत नाही. साग, ऐन, धावडा, शिवण, जांभूळ चांगले फुटतात. खूप जुनं, जाडजूड झालेलं झाड पहिल्यांदाच तोडलं तरी फुटायची शक्यता कमी असते. म्हणून तशी झाडं आम्ही बियांसाठी उभीच ठेवतो. काही खुंट प्रत्येक पाळीत दगावतातच, त्यांची जागा बीवरच्या रोपांनी भरून निघाली पाहिजे.

---

धनेशमित्र

माफ करा, पण मला हा धागा वाचताना अस्वस्थ वाटलं. मी देवरुखच्या परिसरात पक्षी बघायला नियमित जातो. दर उन्हाळ्यात एखादा तरी हिरवा डोंगर बोडका झालेला दिसतो. मालकी जमीन, परवानगी घेतलेली, सगळं कागदावर रीतसर. पण धनेशाची जोडी त्याच दिवसांत घरट्यात असते. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून फळं आणून भरवतो. ढोलीचं झाड वाचलं आणि भोवतीची उंबर-पायरी गेली, तरी नर कुठून आणणार? "रान पुन्हा येतं" या वाक्याखाली बरंच काही झाकलं जातं. आठ वर्षांच्या फुटव्यात ढोली होत नाही.

---

डोंगरउतार

तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि ते इथे यायलाच हवं होतं. आठ वर्षांच्या फुटव्यात ढोली होत नाही, अगदी खरं. म्हणूनच आमच्या रानात उंबर, पायरी, बेहडा, सातवीण, रानआंबा यांना कुऱ्हाड लावायची नाही असा दंडक आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तर कधीच तुटत नाही. वर देवराई आहे, तिला कोणी हात लावत नाही. बी तिथूनच येतं.

तोडही आम्ही पौष-माघात उरकतो, त्यात मुख्य कारण पाल्याचं आहे. ऐनाचा पाला फाल्गुनात गळून जातो, मग राबाला काय घालणार? पण त्याचा फायदा असा की ढोल्यांच्या ऐन दिवसांत रानात माणसांचा वावर राहत नाही. जे डोंगर तुम्ही उन्हाळ्यात बोडके होताना बघता ते ठेकेदाराच्या वेळापत्रकाने तुटतात. त्याला पाल्याशी देणंघेणं नाही, फुटव्याशीही नाही.

---

माहेर जव्हार

मी एक वेगळी बाजू सांगते. माझं माहेर जव्हारकडचं, सासर माणगाव तालुक्यात. दोन्हीकडे राब आहे. पुरुष झाडावर चढून कवळ उतरवतात, खाली गोळा करून, भारे बांधून डोक्यावरून आणायचं काम बायकांचं. केवणीच्या झुडपाची साल सोलून तिचा बंद करतात, ओली असताना तो इतका घट्ट बसतो की नायलॉनची दोरी मागे पडेल. हे रान राखलं तर आम्हा बायकांची पायपीट वाचते, हे कोणी मोजत नाही. रान लांब गेलं की फाटी (जळाऊ लाकडं) लांब जातात.

गॅस आला तरी पाणी तापवायला, भात उकडायला, लग्नकार्याला लाकूड लागतंच. पण ते लागतं मनगटाएवढं. मांडीएवढं लाकूड फोडायला पुन्हा माणूस शोधावा लागतो. म्हणून माझी विनंती, पट्टे करताना एखादा पट्टा कमी पाळीचा, चार-पाच वर्षांचा, घरच्या चुलीसाठी ठेवा. आणि शेंड्या जाळून टाकू नका. आम्ही त्यांनी परसाची वई (कुंपण) घालतो, वाल-पडवळाच्या मांडवाला लावतो, उरलेलं आंब्याच्या आळ्यात.

राब कसा रचतात ते नव्या मुलांना माहीत नसतं म्हणून लिहिते. खाली शेणकूट, त्यावर कवळ, त्यावर पातेरा (वाळका पाला) आणि गवत, सगळ्यात वर मातीचा थर, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. पेटवायचा तो वाऱ्याच्या उलट दिशेने आणि भर दुपारी कधीच नाही. माझ्या सासूबाई राब विझेपर्यंत हिरवी डहाळी हातात घेऊन उभ्या असायच्या. वणव्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच कोणाच्या तरी दुर्लक्षाने होते.

---

डोंगरउतार

ताई, फार मोलाचं लिहिलंत. कमी पाळीच्या पट्ट्याची कल्पना आमच्या घरात मांडतो. आईला ती लगेच पटेल.

---

दापोलीकर कृषी

राबाबद्दल थोडं. भाजणीने तणांचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळतं, रोपं सहज उपटतात. हे सगळे फायदे खरे आहेत. पण थोड्या गुंठ्यांच्या दाढीसाठी कितीतरी पट रानाचा पाला लागतो आणि त्यातला नत्र धुरातून उडून जातो. चारसूत्री भातशेतीत याला चांगली वाट आहे. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळायची आणि लावणीआधी खाचरात गिरिपुष्पाचा पाला गाडायचा. गिरिपुष्प म्हणजे तोडीच्या शेतीचं उत्तम झाड. बांधावर नुसत्या फांद्या खोचल्या तरी लागतं, वर्षातून दोनदा छाटता येतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वाळलेल्या पाल्यात 2.5 ते 3 टक्के नत्र असतो. घरच्या दाढीचा निम्मा भार जरी बांधावरच्या गिरिपुष्पावर टाकला, तरी डोंगरावरच्या ऐनांना एखादं वर्ष जास्त मिळेल.

---

माहेर जव्हार

गिरिपुष्प आम्ही लावलंय, खाचरात पाला चांगला कुजतो. पण नाचणी-वरीला डोंगरावर दाढ भाजल्याशिवाय तण आवरत नाही हो. तिथे तूसही नसतं, पाणीही नसतं. भातापुरतं तुमचं खरं.

---

झाडीपट्टी

राम राम. आमच्याकडे गडचिरोलीत ऐनाला येन म्हणतात आणि त्याच्यावर टसरच्या रेशीमअळ्या पाळतात. अळीला कोवळा, रसाळ पाला लागतो, म्हणून झाडं छाटून बुटकी ठेवावी लागतात. ढीवर समाजाची माणसं हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. छाटलेल्या झाडाला लगेच अळ्या चढवत नाहीत, पाला थोडा भरेस्तोवर वाट बघतात, कोवळ्यातही फार कोवळा चालत नाही. तुमच्या कवळतोडीसारखंच हे शास्त्र आहे.

दुसरी बाजू तेंदूची, म्हणजे विडीच्या पानांची. पानं चांगली यावीत म्हणून फेब्रुवारी-मार्चात झुडपं छाटतात आणि कित्येक ठिकाणी आगही लावतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने हेच बघून आपल्या जंगलात तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. छाटणी आणि आग दोन्ही थांबली आणि त्यांनी बांबूवर भर दिला. म्हणजे छाटणी चांगली की वाईट याचं एक उत्तर नाही. कोणाचं जंगल, पुढच्या वर्षी त्यात कोण येणार, हे ठरलेलं असलं की माणूस जपून तोडतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत हे मी डोळ्यांनी बघतो आहे.

---

सातबारा

कोणीतरी कायद्याचं लिहायला हवं. कातळसडा यांनी विशेष लक्ष द्यावं.

मालकीची जमीन असली तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू आहे. ऐन, किंजळ, साग, खैर, जांभूळ, हेदू, हिरडा, बिवळा, आंबा, फणस ही झाडं अनुसूचीत येतात, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लाकूड गावाबाहेर न्यायचं तर वाहतूक पासाचं वेगळं बघावं लागतं.

त्याआधी सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना वाचा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 हा 30 ऑगस्ट 1975 पासून अमलात आला आणि कोकणातल्या कित्येक जमिनींवर तशी नोंद आहे. नोंद असेल तर कोयता उचलायच्या आत वनविभागात जाऊन कागद बघून घ्या. आणि कृपा करून ठेकेदाराच्या "मी सगळं बघतो" यावर सही करू नका. अर्ज तुमच्या नावाने असतो, जबाबदारीही तुमचीच राहते. अर्जात पट्टा आणि झाडं नेमकी लिहून द्या, खुणा करून घ्या, म्हणजे परवानगी एका पट्ट्याची आणि तोड अख्ख्या डोंगराची असं होत नाही.

---

केंटवासी

मी इंग्लंडमध्ये केंट परगण्यात राहते, मूळची लांज्याची. हिवाळ्यात शनिवारी इथल्या एका शेतावरच्या रानात तोडीला मदत करायला जाते, म्हणून धागा वाचून राहवलं नाही. इथे गोड चेस्टनट आणि हेझल अशीच जमिनीलगत तोडतात. हेझलची पाळी साधारण 7 ते 10 वर्षांची, चेस्टनटची त्याहून लांब. चेस्टनटच्या फाळक्या करून तारेत ओवून कुंपणं बनवतात. सफोकमधल्या ब्रॅडफिल्ड वुड्समध्ये ही तोड 1252 पासून चालत आल्याच्या नोंदी आहेत. पट्टे पाडणं, मधे ओकची मोठी झाडं उभी राखणं, सगळं तुमच्या आजोबांनी केलं तसंच.

इथला हंगामही आत्ताच संपला. पानगळ झाल्यावर सुरुवात आणि मार्चमध्ये पक्षी घरटी करायला लागायच्या आत शेवट. तोडलेल्या पट्ट्यात जमिनीवर ऊन पोचतं आणि पुढच्या वसंतात प्रिमरोझ, ॲनिमोन अशी फुलं दाटून येतात. सावलीत ती वर्षानुवर्षं दबून बसलेली असतात. पट्टा दाट होईपर्यंत शेजारचा दुसरा उघडा होतो. धनेशमित्र, तुमच्या चिंतेवर इथे हाच उपाय सांगतात: कोवळं, मधलं आणि जुनं रान एकमेकांना लागून असावं, म्हणजे प्रत्येकाला आपल्या सोयीची जागा जवळ मिळते. पण अगदी जुन्या झाडांना पर्याय नाही, हे इथलेही लोक मानतात.

गुरांऐवजी इथे हरणांचा त्रास. कोवळे धुमारे एका रात्रीत खुडून नेतात. त्यावर एक साधा उपाय आम्ही करतो: शेंड्या-काटक्या जाळायच्या नाहीत, पट्ट्याच्या कडेने खुंट्या ठोकून त्यांच्या मधे छातीएवढ्या उंचीपर्यंत रचायच्या. आणखी शेंड्या उरल्या तर एकेका खुंटावर सैल टोपलीसारख्या पालथ्या घालायच्या. धुमारे आतून वर येतात, हरणाचं तोंड पोचत नाही. दोन-तीन वर्षांत ते कुजून खत होतं.

---

डोंगरउतार

केंटवासी ताई, हा उपाय मी यंदाच करणार. आमच्याकडे करवंदाच्या आणि तोरणीच्या काटेरी फांद्या आहेत, त्यांचाच थर वर देता येईल. वाळवी लवकर लागेल हे खरं, पण आम्हाला दोन पावसाळेच काढायचे आहेत.

एक काळजी मात्र आहे. इथे एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या शेंड्या म्हणजे वणव्याला आमंत्रण. म्हणून कडेची रचाई गडग्याच्या आतल्या बाजूला करीन आणि गडग्याबाहेर दोन-तीन मीटरचा पट्टा गवत काढून साफ ठेवीन. पाऊस लागला की काळजी मिटली.

---

धनेशमित्र

हे वाचून बरं वाटलं. एक मदत करू शकतो. तुमच्या रानात ढोली असलेली झाडं कुठली, याची खूण आम्ही दोघं-तिघं येऊन करून देऊ. पुढच्या तोडीच्या पट्ट्यापासून सुरुवात करू.

---

डोंगरउतार

जरूर या. होळीच्या पालखीनंतर कधीही. जेवायला घरीच.

---

कातळसडा

सगळं लिहून घेतलंय, सातबारा काढायला तलाठ्याकडे उद्याच जातो. शेवटची शंका. दहा-पंधरा धुमारे येतात म्हणालात, त्यातले किती ठेवायचे आणि कधी काढायचे? आमच्याकडे काहीजण पहिल्याच पावसात दोन ठेवून बाकी छाटतात.

---

डोंगरउतार

पहिल्या पावसाळ्यात हात लावू नका. मुळांना तेव्हा पानं हवी असतात, जितकी जास्त तितकी बरी. शिवाय वारा, किडे, वानरं यांनी कुठले मोडतील ते तुम्हाला आधी सांगता येत नाही. दुसरा पावसाळा संपला, भात घरात आलं, की मग विरळणी. खुंटाच्या चारी बाजूंनी पसरलेले, जमिनीलगत निघालेले, सरळ वाढलेले तीन ठेवा. दोन एकाच बाजूला असतील तर त्यातला एक काढा. इमारती वासा हवा असेल तर आणखी दोन वर्षांनी एकावर आणा, जळाऊ हवं असेल तर तीनच राहू द्या.

काढताना धुमारा हाताने ओढून तोडायचा नाही, खुंटाची साल निघते. कोयत्याने खालून वर एकच घाव. काढलेले धुमारे शेळ्यांना घाला, पण पट्ट्याबाहेर नेऊन.